एका पुडीला किती पाणी

गेल्या महिन्यात पेठ वडगावला लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत नात्यातल्या एका बाईनं माझ्या मुलीला सांगितलं, "तू तान्ही असताना तुझ्या आज्ज्यानं तुला कायतरी पाजून मारलीच असती बघ." पोरगी यंदा दहावीला आहे, सगळं कळतंय तिला. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी मला विचारते, "आई, हे खरं हाय काय?"

अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं माझ्याकडं आहे, आणि ते आमच्या चौघांशिवाय कुणाला माहीत नाही. म्हणून लिहायला बसले.

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. गडहिंग्लजला माहेरी माझी आई, अव्वा, म्हणायची, ही पोरगी सासरी चार दिवस टिकली तर मी देवाला नारळ देईन. टिकले. पण माझं तोंड काही बदललं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माझी रीत. नको तिथं भरपूर बोलायचं, आणि जिथं चार शब्द नीट सांगायचे तिथं मात्र घाई.

सासरचं घर कोल्हापुरात, म्हशीवाल्यांचं. गोठ्यात पाच म्हशी. सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्ती. मामा पहाटे उठून म्हशी धुवायचे, कपाळाला विभूती लावायचे आणि दोन म्हशी घेऊन दूध विकायच्या कट्ट्यावर जायचे. आमच्याकडं ही पद्धत आहे. गिऱ्हाईक पेला घेऊन उभं राहतं, त्याच्यासमोर धार काढायची, फेसासकट दूध त्यानं तिथंच उभ्यानं प्यायचं. तालमीतून आलेली पोरं दोन-दोन पेले पिऊन जायची. डोळ्यासमोर धार काढलेल्या दुधात पाणी घालणार कुठून?

पाण्याचं नाव काढलं की मामांचं डोकं फिरायचं. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, घरपोच आलेलं दूध जरा पातळ वाटतंय. दुसऱ्या दिवशी मामांनी म्हैस त्याच्या दारात नेऊन बांधली आणि सगळ्या गल्लीसमोर धार काढून दाखवली. आमच्या घरात 'पातळ' हा शब्द शिवीसारखा होता. चहा पातळ झाला तर मामा तो स्वतः पिऊन टाकायचे आणि पाहुण्याला दुसरा करायला लावायचे. माणसाला द्यायचं ते दाट द्यावं, पातळ देणं म्हणजे फसवणं, एवढं त्यांचं साधं गणित होतं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. दूध मोजण्यापुरते आकडे यायचे.

माझी मुलगी ही त्यांची पहिली नात. तिला ते अक्का म्हणायचे, जणू ती घरातली वडीलधारी बाई. धारा काढून आले की तीनदा हात धुवायचे, हाताचा वास घेऊन बघायचे आणि मगच तिला उचलायचे. मला गंमत वाटायची. म्हशीच्या वासानं पोर काय मरणार होती? पण मामांचं असंच होतं. तिला रेडकू दाखवायचे, रेडकाला ती दाखवायचे. दोघांची ओळख करून देताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते मी माझ्या नवऱ्याच्याही चेहऱ्यावर कधी बघितलं नाही.

चौऱ्याण्णवचा उन्हाळा. अक्का अकरा महिन्यांची होती. मी माहेराहून एस.टी.नं परत येत होते. स्टँडवर उसाचा रस घेतला, बर्फ घातलेला. पोरीनं हात पुढं केला म्हणून तिला दोन-चार घोट दिले. मीच दिले. दुसऱ्या दिवशी उलट्या आणि जुलाब सुरू. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी मी तिला गल्लीतल्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर वयस्कर होते, शांतपणे सांगायचे. त्यांनी तीन पुड्या दिल्या, मिठा-साखरेच्या. म्हणाले, "ह्या जुलाबात औषधापेक्षा हेच महत्त्वाचं. अंगातलं पाणी आणि मीठ जातंय, ते भरून काढायचं. एक पुडी, एक लिटर पाणी. पाणी उकळून गार केलेलं. पुडी पुरी घालायची, अर्धी ठेवायची नाही. चमच्या-चमच्यानं पाजायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत द्यायचं. उरलेलं उद्या टाकून द्यायचं, शिळं पाजायचं नाही. आणि तुझं दूध बंद करू नकोस." मी सगळं ऐकलं. दहावी पास होते मी, असलं लक्षात ठेवायला मला काही अवघड नव्हतं.

घरी आले तर नळ आलेला. त्या उन्हाळ्यात पाऊण तास पाणी यायचं, तेवढ्यात म्हशींचं आणि माणसांचं सगळं भरून घ्यायचं. आत्ती वडगावला भावाकडं गेल्या होत्या. नवऱ्याची फौंड्रीत पहिली पाळी. घरात मी आणि मामा, आणि बाहेर नळाला रांग लागलेली. मामा कट्ट्यावरून नुकतेच येऊन बसले होते. मी पोर त्यांच्या मांडीवर ठेवली, पुड्या पुढ्यात टाकल्या आणि म्हटलं, "मामा, हे पाण्यात कालवून पाजा तिला. थोडं थोडं."

मामांनी पुडी उलटीपालटी करून बघितली. विचारलं, "किती पाण्यात गं?"

मी घागर उचलली होती. म्हटलं, "पाण्यात म्हंजे पाण्यात. आता तेबी शिकवू काय?"

एवढंच. मी नळावर गेले.

आज विचार करते, तेव्हा माझ्या मनात काय होतं? घाई होती, हे खरं. पण नुसती घाई नव्हती. लिटर म्हणायला कितीसा वेळ लागतो? खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, ह्या अडाणी माणसाला काय सांगत बसायचं. ते शब्दात आलं नाही, पण आवाजात आलं. आणि मामा आवाज ओळखणारे होते. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

त्यांनी पितळी पेला घेतला, पाण्यानं भरला आणि त्यात अख्खी पुडी ओतली. औषध आहे, नातीला द्यायचंय, ते पातळ कशाला करायचं? बोट बुडवून चव घेतली तर खारट जाळ. पोर पिणार नाही म्हणून वर दोन चमचे साखर घातली. आणि चमच्यानं भरवलं, अगदी मायेनं, एक थेंब खाली न सांडता.

पाणी भरून मी आले, पोरीचे लंगोट धुवायला बसले. अंगणातून विचारलं, "प्याली काय?"

"प्याली की," मामा म्हणाले. "समदं प्याली."

माझा जीव भांड्यात पडला. जुलाबही जरा थांबल्यासारखे वाटले. मग मी स्वयंपाकाला लागले. दोन तासांनी मामांनी दुसरी पुडी फोडली. पोरगी चमच्याकडं तोंड पुढं करत होती. पेला बाजूला ठेवला की हात पसरून रडत होती. मामा मला हाक मारून म्हणाले, "बघ, कसं मागून पितीया. लागतंय तिला ते." मी दारातून बघितलं आणि मला बरं वाटलं. म्हणजे मी बघितलं होतं. पेला समोर होता, फोडलेली पुडी समोर होती, आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही. डोळे होते, पण लक्ष भाकरीकडं.

दुपारी एकनंतर तिचं रडणं बदललं. बारीक, चिरका आवाज, थांबेचना. घेतलं तरी थांबेना, खाली ठेवलं तरी थांबेना. अंग तापलेलं. जीभ कोरडी ठणठणीत. मी पदराखाली घेतलं तर दोन ओढी घ्यायची आणि मान मागं टाकायची. डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. पोटाची कातडी हाताला कणकेसारखी लागत होती. मग तिचा एक हात आपोआप उडायला लागला. मामा उठून उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. म्हणाले, "अजून जरा पाजू काय?" तिसरी पुडी त्यांच्या हातात होती.

तेवढ्यात नवरा पाळी संपवून आला म्हणून बरं. त्यानं पोरगी बघितली आणि तसाच रिक्षा आणायला पळाला. आम्ही तिघं मोठ्या दवाखान्यात गेलो.

तिथली डॉक्टर तरुण बाई होती. तिनं पोरगी तपासली, डोकं चाचपलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. सुई लावायला सांगितली, रक्त काढायला सांगितलं. मग विचारलं, "तोंडानं काय दिलं?"

मामा टोपी हातात घेऊन मागं उभे होते. पुढं आले. "पुडी दिली की," म्हणाले. "एका पेल्याला एक. पातळ न्हाय केलं, बाई. चांगलं दाट करून दिलं."

त्यांच्या आवाजात अभिमान होता.

डॉक्टरबाईचा पेन थांबला. "किती पेले?"

"दोन."

तिनं नर्सला पुन्हा काहीतरी सांगितलं, घाईघाईनं. मग आमच्याकडं वळून म्हणाली, "ती पुडी एक लिटर पाण्याला असते. तुम्ही एका पेल्यात दिली म्हणजे चार-पाचपट मीठ गेलं. कैरीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना, तसं मीठ अंगातलं पाणी ओढून घेतं. म्हणून ती इतकी मागून पीत होती. तिला तहान लागली होती."

मामांनी भिंतीला हात लावला.

"आता पाणी द्यायचं, पण घाईनं देता येत नाही," ती म्हणाली. "एकदम दिलं तर मेंदूला सूज येते. दोन दिवस सावकाश उतरवायला लागेल. मधे झटके येऊ शकतात. आत्ता मी काहीच खात्रीनं सांगणार नाही."

मी मामांवर तुटून पडले. तिथंच, सगळ्या वॉर्डात. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. म्हशींत राहून माणसाची अक्कल गेली, असं म्हणाले. माझी पोरगी मारली, असंही म्हणाले. पोरगी जिवंत होती आणि मी ते बोलले. मामा मान खाली घालून ऐकत होते.

डॉक्टरबाईनं मला दंडाला धरून थांबवलं. "ताई, एक मिनिट. पुड्या कुठल्या डॉक्टरनी दिल्या? कसं करायचं ते सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

"तुम्हाला?"

"व्हय."

"मग ह्यांना तुम्ही सांगितलं नाही?"

माझा नवरा माझ्याकडं बघत होता. नर्स बघत होती. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. माझ्या, जिची जीभ कधी थांबली नव्हती.

"सांगितलं व्हतं तिनं," मामा म्हणाले. "लिटरभर पाणी घ्या म्हणली व्हती. मीच इसरलो."

पुडीला लिटरभर पाणी लागतं, हे त्यांनी दोन मिनिटांपूर्वी त्या बाईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं. मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. आणि मी गप्प राहिले.

नवरा बापाला म्हणाला, "आबा, तुम्ही भाईर जाऊन बसा. हितं थांबू नका." मामा गेले. मला डॉक्टरबाई म्हणाली, तुम्ही इथंच बसा, तिला तुमची सवय आहे, थोडी शुद्धीवर आली की अंगावर घ्यायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते माझ्या डोळ्यासमोर झालं. आणि चोराला पोरीच्या उशाशी स्टूल मिळालं.

दोन दिवस मामा दवाखान्याच्या आवारात करंजाच्या झाडाखाली बसून होते. म्हशींची धार नवऱ्यानं काढली. मामांनी धार चुकवल्याचं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं असेल. आत्ती वडगावहून धावत आल्या, सगळं ऐकलं आणि झाडाखाली जाऊन त्यांना मन मानेल तसं बोलल्या. अती तिथं माती, आयुष्यभर दाट दाट करत बसलात, आता बघा, असं. खिडकीतून मला आवाज येत होता. मामा मान हलवत होते, जणू बरोबरच आहे.

मी कपडे धुवायला बाहेर आले की ते उठून उभे राहायचे. विचारायचे नाहीत. नुसते बघायचे. मी म्हणायची, "हाय. बरं हाय," आणि पुढं जायची. तिथं झाडाखाली कुणी नसायचं. दोन वाक्यं बोलून टाकायला काय जात होतं? पण एक झटका येऊन गेला होता, पोरीचे डोळे वर गेलेले मी बघितले होते, आणि माझ्यात खरं बोलायची ताकद उरली नव्हती. भीतीला माझ्या तोंडाचा फटकळपणा पुरला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नर्सनं सुई बदलली तेव्हा पोरगी रडली आणि तिच्या गालावर पाणी ओघळलं. खरं पाणी. मी बोटानं टिपून बघितलं. मग तिनं अंगावर ओढायला सुरुवात केली, जोरात, दुखेल अशी. डॉक्टरबाई म्हणाली, "आता ही येते आपल्याकडं." मी पदर सावरत बाहेर पळत गेले आणि मामांना सांगितलं. मामांनी जमिनीला कपाळ टेकवलं. विभूतीला माती लागली. मला त्यांच्या पाया पडून सगळं सांगावंसं वाटलं. मी म्हटलं, "मामा, जेवून घ्या." बस्स.

पाचव्या दिवशी पोरगी घरी आली. आणि त्या दिवसापासून मामांनी तिला हातानं काही भरवलं नाही.

ती वाटी घेऊन रांगत त्यांच्याकडं जायची. पुढं चालायला लागली, तशी चालत जायची. "आज्जा, आ." मामा वाटी हातात घ्यायचे नाहीत. आत्तींना हाक मारायचे, "हिला भरवा." बोरं आणली तर माझ्याकडं द्यायचे. प्यायचं पाणीसुद्धा स्वतः द्यायचे नाहीत. एकदा तिला उचकी लागली होती, माठ दोन हातांवर होता, तरी अंगणापलीकडून मला बोलावून आणलं. पोरीला काही कळायचं नाही. ती त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहायची आणि तोंड उघडं ठेवायची.

नवरा बापाशी कामापुरतं बोलायचा. वैरण आली, गुरांचा डॉक्टर आला, पेंड संपली. मी हे सगळं वर्ष-सव्वा वर्ष बघितलं. रोज ठरवायची, आज सांगते. पण जितके दिवस जातात तितकं खरं बोलणं जड होत जातं. आधी फक्त चूक सांगायची असते, मग चूक लपवली हेही सांगायला लागतं. मामा मला कधी टोचून बोलले असते, त्यांनी एखादी नजर टाकली असती, तर मी भांडून मोकळी झाले असते. त्यांनी तेही केलं नाही. उलट माझ्या चहात दूध जास्त घालायला आत्तींना सांगायचे, बाळंतपणानंतर ही खंगलीय म्हणून. तो चहा मला गिळवायचा नाही.

मग पुढच्या वर्षी पावसाळ्यात पोरीला पुन्हा जुलाब लागले. तसे साधेच, ती चांगली हिंडत-फिरत होती. तेच वयस्कर डॉक्टर, त्याच पुड्या. ह्या वेळी ते म्हणाले, "पुडीवर आधी वाचायचं हं. काही पुड्या लहान निघाल्यात, त्या एका पेल्याच्या असतात. ही लिटरची आहे." मी घरी आले. आत्तींनी पाणी उकळून गार करायला ठेवलं होतं. रविवार होता, नवरा घरी होता. मामा उंबऱ्याजवळ दोर वळत बसले होते.

मी पुडी बाहेर काढली तसा नवरा म्हणाला, "आबांच्या हातात देऊ नकोस हं. दुधानं तोंड पोळलंय आमचं, आता ताकबी फुंकून प्यायचं." सहज म्हणाला. त्यात राग नव्हता, सवय होती. तेच वाईट वाटलं मला. मामांनी दोर गुंडाळला आणि चप्पल पायात घालायला लागले. पोरगी त्यांच्यामागं गेली, धोतर धरलं आणि म्हणाली, "आज्जा, तू दे."

"थांबा," मी म्हटलं. "मामा, जाऊ नका. मी त्या दिवशी सांगितलंच नव्हतं."

कुणाला काही समजलं नाही. मग मी सगळं बोलले. मामांनी किती पाण्यात म्हणून विचारलं होतं, मी त्यांच्यावर खेकसले होते, लिटरचं अवाक्षर काढलं नव्हतं. पेला बघितला होता, तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. दवाखान्यात ते माझ्यासाठी खोटं बोलले आणि मी ते तसंच राहू दिलं. बोलताना मी रडत होते, आणि रडताना मला स्वतःचा इतका राग आला होता की मधेच माझा आवाज चढला, जणू मी कुणाशी भांडतेय.

नवरा एकदा माझ्याकडं, एकदा बापाकडं बघत राहिला. आत्ती चुलीसमोर तशाच बसल्या. मामांनी चप्पल काढली, कोपऱ्यात नीट जोडून ठेवली, हातपाय धुतले आणि येऊन पाटावर बसले.

"पाणी गार झालं काय?" त्यांनी आत्तींना विचारलं.

आत्ती उठल्या. फळीवरून दुधाचं लिटरचं माप काढलं, राखेनं घासलं, उकळत्या पाण्यानं दोनदा विसळलं आणि मामांच्या पुढ्यात ठेवलं. तीच त्यांची माफी, त्यांना दुसरी येत नाही. मामा त्या मापाकडं बघत राहिले. दुधाशिवाय त्यात कधी काही पडलं नव्हतं.

"ह्यात?" ते म्हणाले.

"ह्यातच," आत्ती म्हणाल्या. "घरात ह्याच्यापरास खरं माप कुठलं हाय?"

मामांनी माप पाण्यानं काठोकाठ भरलं. ते स्वच्छ पातेल्यात ओतलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आता सांग."

मी सांगितलं. सव्वा वर्षापूर्वी जे सांगायचं होतं ते, एकेक करून. पुडी सगळी घालायची. घातली. चांगली विरघळू द्यायची. ढवळली. "साखर?" नाही, मामा, वर काही घालायचं नाही. "दूध?" दूधही नाही. "चव बघू?" बघा. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागायला नको. त्यांनी चमचाभर घेऊन जिभेवर फिरवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे तर पातळ हाय गं."

"पातळच पायजे, मामा," मी म्हटलं, आणि नवरा हसला. त्या घरात बाप-लेकाच्या मधे हसण्याचा आवाज किती दिवसांनी आला असेल. मी पुढं सांगितलं, झाकून ठेवायचं, दर जुलाबानंतर द्यायचं, आणि उद्या ह्या वेळेला उरलं असेल तर ओतून टाकायचं. "टाकायचं?" मामांना ते जड गेलं. पण मान हलवली.

पोरगी त्यांच्या मांडीवर चढून बसली होती. तोंड उघडंच होतं. मामांनी वाटीत थोडं पाणी काढलं, चमचा भरला. निम्मं तिच्या हनुवटीवर सांडलं. ती खळखळून हसली. दुसरा चमचा नीट गेला. मग तिसरा. दर चमच्याला ते माझ्याकडं बघत होते आणि मी मान हलवत होते.

नवऱ्यानं विचारलं, "आबा, मग तवाच का बोलला न्हाय?"

मामांनी आधी चमचा रिकामा केला. पोरीचं तोंड धोतराच्या सोग्यानं पुसलं.

"बोललो असतो तर तू हिला भाईर काढली असतीस," ते म्हणाले. "मग आत पोरीला अंगावर कोण घेनार व्हतं? आज्जा भाईर बसला म्हणून लेकराचं काय अडत न्हाय. आई भाईर बसली असती तर अडलं असतं."